नोव्हेंबरची तारीख, जूनचा रकाना

तीन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, माझ्या ताईच्या मुलीनं अकरावी सायन्सच्या प्रवेशाचा फॉर्म भरला आणि विषयांच्या रकान्यात गणिताऐवजी भूगोल लिहिला. तिला बायोलॉजी मनापासून आवडायची. 'नीट' देऊन बघायची होती, मग गणिताचं ओझं कशाला, असं घरात ठरलं. दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतली, कारण स्कोअरिंग. दोन्ही निर्णयांना मिळून पाच मिनिटं लागली असतील. मी तिथेच बसले होते आणि मीही मान डोलावली.

बारावीच्या ऑगस्टमध्ये तिच्या मनानं घेतलं की केंब्रिजला नॅचरल सायन्सेससाठी अर्ज करायचा. तिनं अभ्यासक्रमाच्या अटी वाचायला घेतल्या. पहिलीच अट गणिताची होती. तिची हुशारी, तिचे दहावीचे गुण, तिची जिद्द यांतलं काहीही तिथे विचारात येणार नव्हतं. दार चौदा महिन्यांपूर्वीच लागलं होतं आणि ते लावताना आम्हा कुणालाच कडीचा आवाज आला नव्हता.

बारावीनंतर थेट परदेशी पदवीला जाण्याबद्दल आपल्याकडे बोलणं सुरू होतं ते अर्जाच्या तारखांपासून. मला वाटतं, ते दहावीच्या निकालापासून सुरू व्हायला हवं.

आपल्या डोक्यात परदेशी शिक्षणाचा जो नकाशा आहे तो पदवीनंतरचा आहे, आणि त्याला जुनी कारणं आहेत. रँग्लर परांजपे मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन केंब्रिजला गेले आणि १८९९मध्ये सीनिअर रँग्लर झाले. डॉ. आंबेडकर १९१३मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेही बी.ए. झाल्यावर. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये सुरू केलेला शिष्यवृत्ती निधी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या पदवीधरांना आधार देत आला. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आजही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. पुढे बी.ई. करून एम.एस.ला जाणाऱ्यांच्या दोन पिढ्या झाल्या. त्यामुळे जीआरई कधी द्यायची हे सांगणारा दादा प्रत्येक सोसायटीत सापडतो. सोळा वर्षांच्या मुलीला सांगणारं मात्र कुणी नसतं.

आता तारखांकडे येऊ. अमेरिकेत 'अर्ली' म्हणजे लवकर अर्ज, आणि त्याचे मुख्यतः दोन प्रकार. अर्ली डिसिजनचा अर्ज एकाच विद्यापीठाला करता येतो आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, असं लिहून द्यावं लागतं. त्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये उत्तर लवकर मिळतं, पण बांधिलकी नसते; १ मेपर्यंत विचार करायला वेळ असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची पद्धत मधली आहे: बंधन नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे लवकर अर्ज करायचा नाही. तारीख बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर. उत्तर डिसेंबरच्या मध्यास. नेहमीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला.

लवकर अर्ज केल्यानं खरंच फरक पडतो का? अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउजर या तिघांनी २००३मध्ये यावर पुस्तक लिहिलं. निवडक विद्यापीठांत लवकर अर्जाचा फायदा सॅट या प्रवेशपरीक्षेच्या १०० किंवा अधिक गुणांइतका पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर तीन वर्षांनी हार्वर्ड आणि प्रिन्स्टननी ही पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुस्थितीतल्या, माहितगार घरांतल्या मुलांनाच तिचा लाभ होतो, हे त्यांनी उघड मान्य केलं. बाकीची विद्यापीठं मात्र त्यांच्यामागून आली नाहीत आणि २०११मध्ये दोघांनीही पद्धत पुन्हा सुरू केली. हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलाला १ नोव्हेंबर गाठता आला नाही तर तो कमी पडला असं समजणाऱ्या पालकांना तो ठाऊक असायला हवा.

आणि १ नोव्हेंबर गाठणं आपल्या ज्युनिअर कॉलेजातून किती अवघड आहे, हे मी जवळून पाहिलं आहे.

अमेरिकन विद्यापीठांना साधारणपणे नववीपासून बारावीपर्यंतचे गुण लागतात. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्या संस्थेत. दहावीचं गुणपत्रक लॅमिनेट करून ठेवलेलं असतं. नववीचं कुठे आहे हे कुणालाच आठवत नाही. शाळेत दुसरी प्रत मागायला गेलं तर क्लार्क विचारतो, 'नववीचं? कशाला?' त्याचंही चूक नाही, असली मागणी त्याच्याकडे कधी आलेलीच नसते. मग बारावीच्या अपेक्षित गुणांचं पत्र. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात; अर्ज त्याआधी सहा महिने. म्हणून शिक्षकांनी अंदाज लिहून द्यायचा. 'आम्ही गुणांचा अंदाज कसा देणार? उद्या कमी पडले तर?' हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो. ब्रिटिश व्यवस्थेत तो अंदाज देणं हा शिक्षकाच्या कामाचाच भाग मानला जातो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात कठीण म्हणजे शिफारसपत्र. विषय शिकवणाऱ्या शिक्षकानं विद्यार्थ्याबद्दल लिहायचं: वर्गात तो काय विचारतो, चुकल्यावर काय करतो, इतरांशी कसा वागतो. आपल्याकडे शंभर-सव्वाशे मुलांची तुकडी. त्यातली निम्मी मुलं इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज नावापुरतं आणि दिवस क्लासमध्ये. ज्या मुलाला शिक्षकानं प्रॅक्टिकलपुरतंच पाहिलंय त्याच्याबद्दल तो काय लिहिणार? 'विद्यार्थी हुशार, नियमित व शिस्तप्रिय आहे' या एका ओळीपलीकडे गाडी सरकत नाही. ही ओळ खोटी नाही, पण तिच्यावरून एक मूल दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येत नाही. परदेशाचा विचार मनात असेल तर इंटिग्रेटेडच्या फॉर्मवर सही करण्याआधी हा एक मुद्दा तरी घरात बोलला जावा, असं मला कळकळीनं वाटतं. दोन वर्षांत एखाद्या शिक्षकाशी ओळख व्हावी, त्याच्याकडे शंका घेऊन जावं, एखादा प्रकल्प त्याच्या हाताखाली करावा. पत्र त्यातून आपोआप तयार होतं.

आयबी आणि केंब्रिज बोर्डाच्या शाळांचा खरा वरचष्मा इथे आहे. १९६८मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या आयबीचा डिप्लोमा म्हणजे सहा विषय, ४००० शब्दांचा शोधनिबंध आणि कमाल ४५ गुण. अभ्यासक्रम चांगलाच आहे. पण लाखो रुपये फी भरणारे पालक खरं तर समुपदेशकाचीही फी भरत असतात: अपेक्षित गुण कधी द्यायचे, पत्र कुणी लिहायचं, तारीख कुठली, हे सगळं सांभाळणारा पूर्णवेळ माणूस. राज्य मंडळाची बारावी अमेरिकेत चालत नाही ही समजूत चुकीची आहे, ती चालते. कमतरता असते ती या माणसाची. एखाद्या ज्युनिअर कॉलेजानं एका शिक्षकाला आठवड्याचे चार तास या कामासाठी मोकळे करून दिले, तरी पुष्कळ मुलांचं भलं होईल.

एक वाट फारशी कुणाला माहीत नसते. मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या टेकडीवर १९९७पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा, जगभरातून आलेली मुलं, आणि कुटुंबाची परिस्थिती पाहून आर्थिक मदत. युनायटेड वर्ल्ड कॉलेजांच्या साखळीतून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांसाठी २०००पासून डेव्हिस शिष्यवृत्ती आहे. अर्ज मात्र शालेय वयातच करावा लागतो. बारावी झाल्यावर ही वाट उरत नाही.

आता पैशांचं. अमेरिकेतल्या अनेक खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर लाखांहून अधिक, तोही दर वर्षी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि मग गरजेइतकी मदत देतात. कॉर्नेलमध्ये टाटांच्या देणगीतून खास भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे. बहुतेक ठिकाणी मात्र मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज अधिक कसोटी लावून पाहिला जातो. आणि 'आधी प्रवेश घेऊ, पैशांचं नंतर मागू' हे बऱ्याच विद्यापीठांत चालत नाही. प्रवेशाच्या वेळी मागितली नाही तर मदत पुढेही मिळत नाही.

अर्ली डिसिजनची मेख इथेच आहे. बंधनकारक प्रवेश म्हणजे चार विद्यापीठांनी देऊ केलेली मदत शेजारी शेजारी ठेवून बघण्याची संधी सोडणं. दिलेली मदत पुरत नसेल तर करारातून सुटका मिळते, हे खरं. पण तेव्हा डिसेंबर उजाडलेला असतो आणि पुढच्या अर्जांना हाताशी दोन-तीन आठवडेच उरतात. मदतीच्या अर्जातले प्रश्नही आपल्या घरांना सहज लागू पडत नाहीत. सातबाऱ्यावर वडील, तीन काका आणि आत्याचं नाव असलेली चार एकर जमीन 'कुटुंबाची मालमत्ता' म्हणून कशी दाखवायची? तिथे सोबत एक साधं, खरं पत्र जोडावं: जमीन सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, उत्पन्न इतकं. ज्या घराला मदतीची गरज आहे त्यानं अर्ली डिसिजनच्या वाटेला विचारपूर्वकच जावं. अर्ली अ‍ॅक्शन त्यांच्यासाठी बरी.

ब्रिटनची पद्धत त्या मानानं आपल्या कॅलेंडरला मानवते. एकाच अर्जात पाच पर्याय. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसाठी जानेवारी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. प्रवेश सशर्त मिळतो: बारावीत इतके टक्के आणले तर जागा तुमची. आपला निकाल मेमध्ये लागतो आणि तिथल्या ए लेव्हलचा ऑगस्टमध्ये, त्यामुळे आपल्या मुलांना तयारीला जास्त वेळ मिळतो. एक गोष्ट लक्षात ठेवावी: काही नामांकित विद्यापीठं राज्य मंडळांच्या विद्यार्थ्यांकडून सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात, आणि विज्ञान, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा कितीतरी अभ्यासक्रमांना गणित लागतंच. अर्थशास्त्र म्हणजे आर्ट्स आणि आर्ट्सला गणित कशाला, ही आपल्याकडची वाटणी तिकडे चालत नाही.

एमबीबीएससाठी परदेशी जाणाऱ्यांचे नियम तर आपलेच आहेत. 'नीट' पात्रता सक्तीची आहे, आणि २०२१च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम व त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. हे एजंटाच्या शब्दावर सोडू नये.

जर्मनीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पुण्याचं आणि जर्मनचं नातं जुनं आहे. मॅक्स म्युलर भवनाच्या वर्गांत पिढ्या शिकल्या. सरकारी विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिक्षण शुल्क नाही; बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानंही अलीकडे शुल्क सुरू केलं आहे. पण भारतीय बारावी तिथे सहसा थेट पदवीला पुरत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असाल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना थेट जाता येतं. नाहीतर तिथे जाऊन श्टुडिएनकोलेग नावाचं एक वर्षाचं पूर्वशिक्षण घ्यायचं आणि त्याची अंतिम परीक्षा द्यायची. किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त कॉलेजात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण करायचं आणि त्याच विषयाच्या शाखेला अर्ज करायचा. नोव्हेंबर २०२२पासून कागदपत्रांची एपीएस पडताळणीही सक्तीची झाली आहे.

ही तिसरी वाट आमच्या मुलीला सापडली ती बारावीचा निकाल लागल्यानंतर. केंब्रिज गेलं म्हणून रडून झालं होतं. तिनं पुण्यातच बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला प्रवेश घेतला. स्कोअरिंगसाठी घेतलेली जर्मन अकरावीत तिला आवडून गेली होती. पहाटेची बॅच तिनं कधी बुडवली नाही. या मेमध्ये पहिलं वर्ष झालं. एपीएसला कागद पाठवताना लक्षात आलं की बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आहे आणि पासपोर्टवर नाव आधी, मग त्याचं प्रतिज्ञापत्र झालं. जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा झाली आहे, सी-वनचा निकाल यायचा आहे. अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै.

परवा ताईकडे गेले तेव्हा धाकट्याचा अकरावीचा फॉर्म टेबलावर होता. त्याला अजून काय व्हायचंय ते ठाऊक नाही. बहिणीनं त्याच्याशेजारी बसून गणिताच्या रकान्यात खूण करायला लावली आणि नववीचं गुणपत्रक कुठे ठेवलंय ते आईला विचारलं.