गोल्फचा चेंडू उजवीकडेच का वळतो? लाँच मॉनिटरवरचे आकडे असे वाचा

निगडी : निगडी-चाकण पट्ट्यात काम करणाऱ्यांना मोजमाप नवीन नाही. सीएमएमचा रिपोर्ट हातात आला की कोणता आकडा आधी बघायचा, हे त्यांना ठाऊक असतं. पण गोल्फ सिम्युलेटरसमोर उभं राहिलं की स्क्रीनवरच्या एवढ्या आकड्यांतून बहुतेक जण एकच बघतात : चेंडू किती यार्ड गेला. तुमचा चेंडू दरवेळी उजवीकडे वळून झाडीत जात असेल, तर उत्तर त्या आकड्यात नाही.

आधी यंत्राबद्दल. काही लाँच मॉनिटर रडारवर चालतात. चेंडूवर आदळून परतणाऱ्या लहरींची फ्रिक्वेन्सी बदलते, त्यावरून वेग कळतो. हेच डॉप्लर तत्त्व. काहींमध्ये हाय-स्पीड कॅमेरे असतात. स्वस्त यंत्रांत मात्र सगळंच मोजलेलं नसतं, काही आकडे गणिताने काढलेले असतात. कोणता मोजलेला आणि कोणता अंदाजे, हे आधी विचारा. नवा ड्रायव्हर घेण्यापूर्वी तर नक्कीच.

जोर वाढवून फायदा होतो?

चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर. ड्रायव्हरला तो साधारण १.५ पर्यंतच जातो. क्लब ताशी १०० मैल वेगाने फिरला, पण चेंडू फेसच्या कडेला लागला आणि फॅक्टर १.४ आला, तर चेंडू १४० मैलांनी निघतो. ९५ मैलांचा स्विंग मधोमध बसून १.४८ आला, तरी चेंडूचा वेग तेवढाच!

मग चेंडू वळतो कशामुळे?

इथे दोन कोन एकत्र वाचावे लागतात. क्लब फेस कुठे बघतोय, हा 'फेस अँगल'. क्लब कोणत्या दिशेने चाललाय, तो 'क्लब पाथ'. चेंडू पाथच्या दिशेने निघतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. रडारच्या मोजणीत उलटं दिसलं : ड्रायव्हरला सुरुवातीची दिशा सुमारे ८५ टक्के फेस ठरवतो. पुढचं वळण ठरतं ते फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकावर. चेंडूच्या फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू हवेत वळतो. ऑफस्पिनरचा ड्रिफ्टही असाच.

समजा तुम्ही उजव्या हाताने खेळता. फेस २ अंश उजवीकडे, पाथ ४ अंश डावीकडे. फरक ६ अंश, चेंडू उजवीकडे वळणार. आता बहुतेक जण काय करतात? आणखी डावीकडे स्विंग करतात. पाथ ८ अंश डावीकडे गेला, फेस तसाच राहिला, तर फरक १० अंश. म्हणजे उपायच दुखणं वाढवतो, आणि दोष ड्रायव्हरला मिळतो.

जाता जाता : पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. हवा थोडी विरळ असल्याने येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवरचा २०० यार्डांचा फटका मुंबईपेक्षा तीन-चार यार्ड लांब जाऊ शकतो. ती प्रगती समजू नका.

फेस आणि पाथ दोन्ही ठीक असूनही चेंडू वळतोय? मग तो फेसच्या मधोमध लागत नसेल. टूलरूममधला फिटर ब्लू मॅचिंग करतो, तसंच करायचं. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढा, ती बाजू क्लबकडे ठेवा आणि मारा. फेसवर डाग कुठे उमटलाय, ते बघा.