दहा टक्के की तीस टक्के?

प्राण्यांच्या तुटलेल्या वस्त्या एकमेकींना जोडल्या की त्या तगतात, हे तुम्ही ऐकलं असेल. पण जोडायच्या किती? ये-जा जितकी जास्त तितकं चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. फळमाश्या मात्र वेगळंच सांगतात.

सुतीर्थ डे (आता आयसर, पुणे) आणि अमिताभ जोशी यांचा हा प्रयोग २००६ साली ‘सायन्स’मध्ये आला. नऊ कुप्या, प्रत्येकीत माश्यांची एक वस्ती. अळ्यांना खाणं कमी, मोठ्या माश्यांना यीस्ट भरपूर. म्हणजे अंडी ढीगभर, पण अळ्या उपाशी. पुढच्या पिढीत संख्या धाडकन कोसळते. मग गर्दी नाही, म्हणून पुन्हा उसळी.

दर पिढीला १० टक्के माश्या शेजारच्या कुप्यांत हलवल्या, तेव्हा प्रत्येक कुपीतले चढउतार काही थांबले नाहीत. पण शेजारणींचा ताल वेगळा झाला: एक रिकामी होताना दुसरी भरलेली. त्यामुळे नऊ कुप्यांची बेरीज बरीच स्थिर राहिली! ३० टक्के हलवल्यावर मात्र सगळ्या एका तालात आल्या आणि बेरीजही हेलकावे खाऊ लागली.

घरातलं पीठ संपलं तर शेजारी वाटीभर देतात. सगळ्यांचंच एका दिवशी संपलं तर मागायचं कुणाकडे?

वाघांची संख्या अशी पिढीगणिक उसळत-कोसळत नाही, त्यामुळे हे आकडे कान्हा-पेंच कॉरिडॉरला जसेच्या तसे लावू नका. तिथे आधी वाट शाबूत राहायला हवी. पण ‘जोडलंय का?’ याच्या पुढचा प्रश्नही विचारत जा: संकट आलं तर सगळ्या वस्त्या एकदमच कोसळतील का?