विश्लेषण : घरी मोजलेला बीपी डॉक्टरांपर्यंत पोहोचला तर काय बदलते? खोपोली-कर्जतमध्ये ‘आशा’ महत्त्वाची का?

उच्च रक्तदाबाचे निदान होते, डॉक्टर गोळी लिहून देतात आणि पहिला महिना ती नियमित घेतली जाते. मग बरे वाटते म्हणून, कधी दवाखान्याच्या फेरीत दिवसाची मजुरी बुडते म्हणून गोळी थांबते. त्रास काहीच होत नाही आणि खरी अडचण तीच आहे. रक्तदाब पुन्हा वाढला तरी शरीर सांगत नाही. कधी कधी पहिली खबर मिळते ती थेट पक्षाघाताने किंवा हृदयविकाराच्या झटक्याने. हा गळतीचा टप्पा बुजवण्यासाठी ‘दूरस्थ देखरेख’ आणि गावातील आरोग्य कर्मचारी यांची जोडी जगभर वापरली जात आहे. ती नेमकी कशी चालते, आणि घाटाच्या पायथ्याच्या खोपोली, खालापूर, कर्जत परिसरात तिचा उपयोग कोणाला, हे समजून घेऊया.

प्रश्न किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावरील आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातील साधारण ३७ टक्के लोकांनाच निदान झाले आहे, ३० टक्के उपचार घेतात आणि रक्तदाब आटोक्यात आहे तो केवळ १५ टक्क्यांचा. यातील निम्म्या रुग्णांचा रक्तदाब जरी नियंत्रणात आणता आला, तरी २०४० पर्यंत देशात किमान ४६ लाख मृत्यू टळू शकतात, असा या अहवालाचा अंदाज आहे.

म्हणजे औषध नाही ही मुख्य अडचण नाही. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. अडचण आहे ती रुग्ण शोधणे, त्याला उपचारात टिकवणे आणि वेळेवर डोस बदलणे या तीन पायऱ्यांची.

दूरस्थ देखरेख म्हणजे काय?

रुग्णाचा रक्तदाब दवाखान्याबाहेर, म्हणजे घरी, पाड्यावर किंवा उपकेंद्रात मोजायचा, ते आकडे फोन किंवा अ‍ॅपद्वारे उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचे आणि त्यावरून औषध ठरवायचे, एवढी ही साधी कल्पना आहे. घरच्या आकड्यांचा आणखी एक फायदा होतो. काहींचा रक्तदाब डॉक्टरांसमोर बसल्यावरच वाढतो, तर काहींचा दवाखान्यात नेमका ठीक येतो. अनेक दिवसांच्या नोंदी खरे चित्र दाखवतात. म्हणूनच दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची सीमा मानली जाते, तर घरच्या सरासरीसाठी ती १३५/८५ धरली जाते.

मात्र यंत्र रक्तदाब कमी करत नाही. आकडा पाहून कोणी निर्णय घेतला, तरच फरक पडतो. ब्रिटनमध्ये १,१८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरच्या नोंदींवरून औषध ठरवले गेलेल्या रुग्णांचा वरचा रक्तदाब वर्षभरानंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे ३.५ अंकांनी कमी होता. नोंदी मोबाइल संदेशाने पाठवणाऱ्या गटात हा फरक ४.७ अंकांचा होता.

मग ‘आशा’ कशाला हवी?

ब्रिटनमधला रुग्ण स्वतः यंत्र लावून संदेश पाठवू शकतो. सह्याद्रीच्या कुशीतील वाडीवर यंत्र नसते, अनेक ठिकाणी मोबाइलची रेंज नसते आणि आकड्याचा अर्थ सांगणारे कोणी नसते. तिथे दुवा माणसाचाच लागतो.

याचा पुरावाही दक्षिण आशियातच मिळाला आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेतील ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये २,६४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, समजावून सांगितले आणि गरज असलेल्यांना डॉक्टरांकडे पाठवले. दोन वर्षांनंतर या गटातील वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सुमारे ५ अंकांनी अधिक घटला होता. चीनमधील ३२६ खेड्यांतील अभ्यासात गावपातळीवरील ‘व्हिलेज डॉक्टरां’नी ठरावीक पद्धतीने औषधे दिली आणि तीन वर्षांत हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

महाराष्ट्रात काय झाले?

केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारे यांनी २०१७ मध्ये ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू केला. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांमध्ये महाराष्ट्र होता आणि त्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांची निवड झाली होती.

उपक्रमाचे सूत्र सोपे आहे : सर्वत्र एकच उपचारपद्धती, मोजकी पण अखंड मिळणारी औषधे, घराजवळच्या केंद्रात पुढची गोळी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. नोंदीसाठी ‘सिंपल’ हे अ‍ॅप वापरले गेले. रुग्णाला क्यूआर कोड असलेले कार्ड मिळते. परिचारिका ते स्कॅन करते, आकडा भरते आणि पुढची तारीख देते. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आली की वर जाते. ठरलेल्या तारखेला न आलेल्यांची यादी अ‍ॅप आपोआप काढते आणि त्यांना फोन केला जातो.

पाच राज्यांतील २४ केंद्रांमधील सुमारे २२ हजार रुग्णांच्या अभ्यासात नोंदणीवेळी रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. पाठपुराव्यानंतर ते जवळपास ६० टक्क्यांवर गेले. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

खोपोली-कर्जतमध्ये साखळी कशी जुळते?

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाची माहिती ‘आशा’ एका प्रश्नावलीत भरते. त्यात वय, तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातील आजार यांवर गुण असतात. चारपेक्षा अधिक गुण आल्यास तपासणीला प्राधान्य मिळते. रक्तदाब मोजण्याचे काम आरोग्य सेविका किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी करतात. निदान आणि पहिली गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर ठरवतात. पुढच्या महिन्यांची गोळी उपकेंद्रातूनच मिळणे अपेक्षित आहे. गरज पडल्यास समुदाय आरोग्य अधिकारी ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल जोडून देतात. त्यामुळे फक्त गोळीसाठी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत जाण्याची गरज उरत नाही.

या भागात ही सोय चैनीची नाही. कर्जत ते खोपोली हा रेल्वेचा एकेरी फाटा आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी असे थांबे घेत जाणाऱ्या मोजक्या लोकलपैकी एक चुकली, की अर्धा दिवस गेला. कारखान्यांतील पाळी करणाऱ्या कामगाराची झोप आणि जेवणाची वेळ दर आठवड्याला बदलते, गोळीची वेळही त्यासोबत हलते. आणि कातकरी कुटुंबांचे तर गावच बदलते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नोंद वाडीच्या वहीत आणि रुग्ण भट्टीवर, अशी स्थिती झाली तर सहा-सात महिने उपचार तुटतात.

इथे दोन गोष्टी उपयोगी ठरतात. पहिली, स्थलांतरापूर्वी डॉक्टरांशी बोलून जास्त दिवसांची औषधे मागून घेणे. दुसरी, उपचाराचे कार्ड सोबत नेणे. कार्डावरची औषधे आणि शेवटचे आकडे पाहून दुसऱ्या केंद्रातील डॉक्टरही उपचार पुढे चालू ठेवू शकतात.

अडथळे कोणते?

सर्वात मोठा प्रश्न कामाच्या ओझ्याचा आहे. गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणे आणि आता असंसर्गजन्य आजार, ही सगळी कामे ‘आशा’कडेच येतात. मानधनवाढीसह विविध मागण्यांसाठी राज्यातील आशांनी ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये संप केला होता. ऑनलाइन कामाची सक्ती हाही त्यांच्या नाराजीचा विषय होता. एकाच रुग्णाची माहिती वहीत, फॉर्मवर आणि अ‍ॅपमध्ये तीनदा भरावी लागली, तर त्यात वाचणारा वेळ नव्हे, जाणारा वेळच वाढतो.

दुसरा अडथळा औषधसाठ्याचा. केंद्रात पोहोचलेल्या रुग्णाला ‘गोळी संपली’ असे एकदा ऐकावे लागले, की तो पुढच्या वेळी येईलच याची खात्री राहत नाही. तिसरा अडथळा यंत्राचा. दंडाच्या मापाचा पट्टा नसेल तर आकडा चुकतो. पट्टा लहान असल्यास तो खऱ्यापेक्षा जास्त येतो.

घरी बीपी कसा मोजावा?

● मनगटाऐवजी दंडावर लावायचे यंत्र घ्यावे.
● मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री टाळावी. लघवीला जाऊन यावे.
● पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा.
● पट्टा उघड्या दंडावर बांधावा. मोजताना बोलू नये.
● एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत.
● एकाच आकड्यावरून गोळी स्वतः वाढवू किंवा बंद करू नये.

आकडा १८०/१२० किंवा त्याहून जास्त आला, तर काही मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि तेवढाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे असे काहीही दिसले, तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

घरच्यांनी काय करावे?

मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, एवढेच असावे. त्यात लोणचे, पापड, सुकट आणि सुके बोंबील यांतले मीठही धरायचे. पावसाळ्यात सुक्या मासळीवर भागवणाऱ्या घरांनी ती आधी पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून द्यावे.

घरात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब एकदा मोजलेला आहे का, हे विचारावे. ज्यांची गोळी सुरू आहे त्यांचे कार्ड काढून पुढची तारीख पाहावी. तारीख उलटून गेली असेल, तर ‘आशा’ दारात येण्याची वाट न पाहता उपकेंद्र गाठावे. काहीच त्रास होत नसला, तरी.