तानसाच्या गाळातली लाल अळी

पावसाळा सरला की तानसा तलावाच्या काठी, दिवेलागणीला, डासांसारख्या बारीक कीटकांचे थवे हवेत एकाच जागी वरखाली होताना दिसतात. माणसं मच्छर समजून हात झटकतात, कुणी धूर करतं. अशा थव्यांतले बरेचसे कीटक कायरोनोमिड कुळातले असतात आणि ते कुणालाच चावत नाहीत. चावायला लागणारी सोंडच त्यांना नसते. बसलेला डास बहुधा मागचे पाय उचलून धरतो, हे कीटक पुढचे. नराच्या मिशा पिसांसारख्या झुबकेदार असतात. पंख फुटल्यावर त्यांना जेमतेम काही दिवस मिळतात. खरं आयुष्य पाण्याखाली, अळीच्या रूपात जातं.

काठाजवळचा मूठभर गाळ पांढऱ्या थाळीत घेऊन वर थोडं पाणी ओता. गढूळपणा खाली बसला की मातीच्या बारीक नळ्या दिसतात. लाळेतल्या रेशमाने गाळाचे कण चिकटवून अळीने त्या बांधलेल्या असतात. नळीत अंग हलवत ती ताजं पाणी आत ओढते. थाळीत लालभडक अळी वळवळताना दिसली, तर तो रंग हिमोग्लोबिनचा. आपलं हिमोग्लोबिन रक्तपेशींत असतं, तिचं थेट शरीरद्रवात विरघळलेलं. म्हणूनच पानं कुजून जिथे प्राणवायू कमी पडतो, तिथेही ती तग धरते. मत्स्यालयवाले माशांना ब्लडवर्म म्हणून घालतात, त्या याच कुळातल्या अळ्या.

१८९२ साली धरण पूर्ण झाल्यापासून तानसा मुंबईची तहान भागवतो आहे. जंगलातून वाहून आलेला पाचोळा आणि माती तळाशी साचते, आणि ती या अळ्यांना मानवते. ओढ्याच्या खळाळत्या पाण्यात, दगडांवर याच कुळातल्या वेगळ्या जाती राहतात. त्यांतल्या अनेक लाल नसतात. काही तर इतर अळ्यांची शिकार करतात.

जगभरात या कुळातल्या हजारो जातींची नोंद आहे. त्या ओळखायच्या तर अळीच्या डोक्याखालच्या दातेरी पट्टीपासून नराच्या जननेंद्रियापर्यंत सारं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. लाळग्रंथीतली अवाढव्य गुणसूत्रंही कामी येतात. ती बाल्बियानी यांनी १८८१ मध्ये याच कुळातल्या अळीत प्रथम पाहिली. मायगेन यांनी १८०३ मध्ये नाव दिलेल्या कायरोनोमस प्रजातीत ‘कायरोनोमस रॅमोसस’ ही भारतीय जात चौधुरी, दास आणि सबलेट यांनी १९९२ मध्ये नोंदवली. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात बिमलेंदु नाथ आणि सहकाऱ्यांनी तिचा आणि तिच्या किरणोत्सार सोसण्याच्या क्षमतेचा पुष्कळ अभ्यास केला. माणसाला चार-पाच ग्रे किरणोत्सार प्राणघातक ठरतो. या जातीच्या अळ्या त्याच्या शेकडो पट सोसतात.

लाल अळी दिसली म्हणजे पाणी घाण, हे गणित मला घाईचं वाटतं. स्वच्छ तलावाच्या तळाशीही प्राणवायू कमी असू शकतो आणि तिथेही लाल अळ्या राहतात. कोणती जात किती संख्येने आहे हे कळल्याशिवाय अळीची साक्ष अपुरीच.

शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी तानसातल्या जाती ओळखण्या-मोजण्याचं हे काम हाती घ्यावं. कोषातून कीटक बाहेर पडल्यावर त्याची रिकामी कात पाण्यावर तरंगते आणि वाऱ्याने एका काठाला जमते. ती बारीक जाळीने उचलावी, अल्कोहोलमध्ये ठेवावी, बाटलीवर जागा आणि तारीख लिहावी. एकही जीव न मारता प्रजाती ओळखण्याइतपत खुणा त्या कातीवर मिळतात.