काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण अमेरिकेला कसं समजावणार? उत्तर आहे १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीत येते. परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्या धावतात. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण होतं. या सगळ्याचे रील्स आता साता समुद्रापार पोचतात. ते बघून आपल्याला भरून येतं. पण वारी म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला दिसतात फक्त पळणाऱ्या मेंढ्या.

मग परक्या प्रेक्षकाला आपली कला दाखवताना काय सांगायचं? आणि ते सांगणार कोण? हा प्रश्न रील्सच्या फार आधीचा आहे. दोन उदाहरणं बघू.

मेई लानफांग: चीनचे 'बालगंधर्व'

आपल्याकडे बालगंधर्व स्त्री भूमिका गाजवत होते, त्याच काळात चीनमध्ये मेई लानफांग हे नाव गाजत होतं. पेकिंग ऑपेरात तेही स्त्री भूमिका करायचे. १९३० मध्ये ते अमेरिकेला गेले. तेव्हा तिथे चिनी मजुरांना येण्याची बंदी घालणारा कायदा लागू होता आणि करमणुकीच्या स्टेजवर चिनी माणूस म्हणजे चेष्टेचा विषय होता.

मेईंच्या टीमने काय केलं? लांबलचक नाटकं बाजूला ठेवली आणि निवडक प्रवेश, नृत्यं घेतली. प्रत्येक प्रवेशाआधी सू योंग ही अभिनेत्री इंग्रजीत गोष्ट आणि हातवाऱ्यांचा अर्थ सांगायची. गाणं, पोशाख, अभिनय मात्र मूळचाच राहिला. न्यूयॉर्कमधले खेळ हाऊसफुल गेले, मुक्काम वाढवावा लागला. कॅलिफोर्नियातल्या दोन शिक्षणसंस्थांनी मेईंना मानद डॉक्टरेट दिली.

घाशीराम: निवेदन आलं, पण विरोधामुळे

दुसरं उदाहरण घरचंच. दौंडला लहान मुलांचे डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या जब्बार पटेलांनी विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' बसवलं. १९७२ मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला. कीर्तन, तमाशा, कोकणातले खेळे अशा लोककलांचा बाज आणि स्टेजवर माणसांचीच भिंत!

१९८० मध्ये नाटक युरोपला निघालं आणि वाद पेटला. नाना फडणवीसांची अशी प्रतिमा परदेशात न्यायचीच कशाला, असं विरोधकांचं म्हणणं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी परदेशातल्या प्रयोगाआधी नानांच्या ऐतिहासिक कामगिरीबद्दल निवेदन करायचं, असं ठरलं.

दोघांत फरक काय?

खेळाआधी बोलणं दोन्हीकडे झालं. मेईंकडचं निवेदन प्रेक्षकाला कला कळावी म्हणून होतं आणि ते कलाकारांनी स्वतः ठरवलं होतं. घाशीरामच्या वेळी ते प्रतिमा जपण्यासाठी होतं आणि विरोधातून आलं होतं. म्हणजे आधी काय सांगितलं जातं यावर परका प्रेक्षक पुढचं सगळं कसं बघणार हे बरंचसं ठरतं. आपली गोष्ट आपण सांगितली नाही, तर ती दुसरं कुणीतरी सांगतं.

मग रील टाकताना काय करायचं?

आजचं निवेदन म्हणजे कॅप्शन. 'अद्भुत भारत' एवढंच लिहिलं तर बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा तीन गोष्टी लिहा. एक, या मेंढ्या गावच्या मेंढपाळांच्या आहेत. दोन, कळपावर रोगराई येऊ नये या श्रद्धेने त्या पालखीभोवती धावतात. तीन, ही पालखी देहूहून निघून पायी पंढरपूरला चालली आहे.

मेईंनीही नाटकाची लांबी कमी केली होती, त्यामुळे तीस सेकंदांचा रील असायला हरकत नाही. फक्त त्या तीस सेकंदांतून मेंढपाळ गायब व्हायला नको.