कुंडीसाठी गांडूळखत

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या गच्च्यांवरच्या कुंड्यांत बरेचदा काळी मातीच भरलेली दिसते. ती ओली असताना चिकटते, वाळली की घट्ट होऊन कुंडीच्या कडेने सुटते. पाणी मुळांना न भेटताच खाली निघून जाते. गांडूळखताने हीच माती रवाळ होते. चार भाग मातीला एक भाग खत पुरे.

खत करणारी आयसेनिया फेटिडा ही गांडुळे मातीत खोल बिळे करत नाहीत, कुजणाऱ्या पाल्यात राहतात. त्यांना कुंडीत सोडू नये. बुडाला भोके असलेल्या टबात पालापाचोळा, अर्धवट कुजलेले शेण, भाज्यांची देठे घालावीत. ताजे शेण तापते आणि गांडुळे मरतात. लिंबाच्या साली, तेलकट-खारट उरलेसुरले नको.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावचा कचरा डेपो ग्रामस्थांनी बंद पाडला, शहरभर ढीग साचले. ओला कचरा घरीच जिरवणे किती मोलाचे, हे तेव्हा कळले.

जपायचे ते एप्रिल-मेमध्ये. पारा ४० अंशांवर जातो; ३५ च्या पुढे गांडुळे तगत नाहीत. टब जिन्याखाली आणून त्यावर ओले गोणपाट टाकावे.