‘नाइस’ म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीतला ‘नाइस’ हा शब्द आपल्या कानावर पडतो तो बहुधा ‘छान’ या अर्थानेच. त्याचं मूळ मात्र लॅटिनमधल्या ‘नेस्किउस’ या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ ‘अजाण’. जुन्या फ्रेंचमधून १३०० सालाच्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा एखाद्याला ‘नाइस’ म्हणणं म्हणजे मूर्ख म्हणणं होतं. पुढे अर्थ सरकत गेला: चोखंदळ, नाजूक, काटेकोर, सूक्ष्म. ‘सुखद’ हा अर्थ रुळला तो १८व्या शतकात. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नी हे पात्र या शब्दाच्या सरसकट वापराची चांगलीच थट्टा करतं.

‘सूक्ष्म’ हा जुना अर्थ अजून जिवंत आहे, आणि वाचकाची गफलत होते ती इथेच. इंग्रजी न्यायनिवाड्यात ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ असं आलं, तर तो मुद्दा चांगला आहे असं नव्हे. तो बारकाईने तोलावा लागेल, असं न्यायाधीशांना म्हणायचं असतं. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजेही बारीकसा भेद. ‘नाइस अँड वॉर्म’मध्ये मात्र हा शब्द आपल्या ‘छान ऊबदार’मधल्या ‘छान’सारखा पुढच्या शब्दाला जोर देतो.